आकाशावरचं पाणी

२८ सप्टेंबर, रविवार
इथल्या लखनौच्या मराठी मंडळाची वार्षिक व्याख्यानमाला माझ्याकडे द्यायची की श्रीरंगकडे, हे १२ ऑक्टोबरला माझ्या नमुना-व्याख्यानानंतर ठरणार. श्रीरंग वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याचं नमुना-व्याख्यान गेल्या महिन्यात झालं. विषय 'कुंडीतली माती'. शेवटी खताच्या पुड्या वाटल्या. माझा विषय: जगभरच्या सृष्टिकथा आणि पूरकथांतलं साम्य. कुंडी विरुद्ध ब्रह्मांड. निकाल उघड आहे.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून लेखन.

२९ सप्टेंबर, सकाळी ८.४०
उठलो. पहाट ही मनाची अवस्था आहे.
अरुणा बँकेत जाताना बजावून गेली, अहो, टाकी भरली की मोटर बंद करा. माझ्यासारखा बातमीदार घरून काम करतो, म्हणजे पंप ऑपरेटर असतो असा हिचा समज. बरं म्हणालो.

१ ऑक्टोबर
मोठा शोध. आरंभी नुसतं पाणी होतं, यावर आपण, बाबिलोन, इजिप्त, सगळ्यांचं एकमत. अंड्यातून विश्व निघालं हेही चिनी मंडळींना आणि आपल्याला परस्पर सुचलं. या तंद्रीत मोटर थोडी जास्त चालली. टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप खाली रिझवीसाहेबांच्या अंगणावर उघडतो. ते आमचे घरमालक, अस्सल लखनवी. संध्याकाळी जिन्यात भेटले. म्हणाले, माशाअल्लाह, आजकल तो सुबह-सुबह हमारे आँगन में भी सावन आ जाता है, बड़ा लुत्फ़ रहता है.
किती रसिक माणूस! कोल्हापूरला आमच्या सोसायटीत असं कोणी बोललं नसतं.

४ ऑक्टोबर
रिझवीसाहेब पुन्हा. आपकी इनायत से अब आँगन धुलवाना नहीं पड़ता. उगाच संकोच वाटला. म्हणालो, अहो, त्यात काय, रोज होईल. त्यांनी चष्मा काढून पुसला. बहुधा गहिवरले.
अरुणाचं म्हणणं, अहो, ते तक्रार करताहेत. हिचं माहेर सांगलीचं. तिकडे तक्रार म्हणजे तक्रार असते. तहज़ीब ही चीज हिला कळणं कठीण.

६ ऑक्टोबर
पूरकथांचं कोडं सुटलं. समान सूत्र सापडलं! पूर येणार हे आधी कोणीतरी सांगतं. कुठे मासा सांगतो, कुठे देव भिंतीआडून कुजबुजतो. एकजण ऐकतो, नाव बांधतो. बाकीचे हसतात. व्याख्यानाचा कळस हाच: 'इशारा ऐकणारा माणूस'. लिहिताना अंगावर काटा आला.
क्षितिजा म्हणाली, पापा, टंकी में अलार्म लगवा लो, भर जाए तो बोलता है. मी हसलो. ज्या घरात संस्कृत शिकलेला माणूस जागा आहे, तिथे प्लॅस्टिकच्या डबीनं बोलायचं? ही मुलगी मराठी समजते आणि हिंदीत उत्तरं देते. तिच्याशी वाद घालायला दोन भाषा लागतात.

९ ऑक्टोबर
मंडळाचा हॉल लग्नाला गेला. मी रिझवीसाहेबांना अंगण मागितलं. ते म्हणाले, घर आपका है, बस उस रोज़ मौसम साफ़ रहे, इतनी दुआ है. मी सांगितलं, ऑक्टोबरात लखनौत कुठला पाऊस? त्यांनी वर, आमच्या पाइपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. डोळ्यांत केवढा आदर.

११ ऑक्टोबर
उन्हासाठी मंडप बांधून घेतला. जाड ताडपत्रीचा, थेंब गळणार नाही असा. अंगणभर. मंडपवाला भैया म्हणत होता, बाबूजी, पाइप के नीचे से हटा के बाँधें? म्हटलं, नको, मध्यभागीच हवा, सिमेट्री बिघडते.

१२ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ९.३०
सदरा इस्त्रीचा. आवाज उत्तम. तीस पाहुणे, पाणी कमी पडायला नको, म्हणून कोणी न सांगता स्वतःहून मोटर लावली. अरुणाला दाखवून दिलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
घडलं ते क्रमानं लिहितो.
सुरुवात दमदार. 'काहीच नव्हतं' यावर वीस मिनिटं. मग आकाशाच्या वर पाणी साठवलेलं आहे, ही प्राचीन कल्पना. हात उंचावून म्हणालो, कल्पना करा, आपल्या डोक्यावर अथांग जलराशी आहे. सगळ्यांनी वर पाहिलं. खाली बघेचनात. एवढी एकाग्रता मी मंडळात कधी पाहिली नाही. मालिनीताई, मंडळाच्या अध्यक्षा, खुर्ची मागे सरकवू लागल्या. मला वाटलं, भारावल्या. क्षितिजा हातवारे करत होती. हातानंच तिला बस म्हटलं. नेमका 'इशारा ऐकणारा माणूस' इथे आलो होतो.
ताडपत्री मध्यभागी फुटली. सिमेट्री अचूक.
रिझवीसाहेबांनी दिवाणखान्याचं दार उघडून धरलं आणि प्रत्येकाला पहले आप म्हणत आत घेतलं. दोघं दोघं जात होते. आत टॉवेल होते. तीस! चहाही तयार होता. त्यांनी केव्हापासून तयारी केली होती कोण जाणे. मी बाहेर टिपणं गोळा करत होतो. पाणी पडतच होतं, कारण मोटरचं बटण वर आमच्या घरात आणि घराची किल्ली माझ्या खिशात. शेवटी अरुणानं ती काढून घेतली. वर जाऊन मोटर बंद केली आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. हे वाईट.

१४ ऑक्टोबर
व्याख्यानमाला श्रीरंगकडे. उद्घाटनाचे पाहुणे रिझवीसाहेब. विषय, पाण्याचा निचरा.
क्षितिजानं अलार्म बसवला. टाकी भरली की त्यातली बाई हिंदीत विनंती करते, माझ्यापेक्षा शुद्ध उच्चारांत. जिन्यात रिझवीसाहेब भेटले. आँगन कुछ सूना-सूना लगता है, म्हणाले. या वेळी मी माफी मागितली.
सगळ्या पूरकथा पुन्हा तपासल्या. इशारा मिळूनही हसणारे बऱ्याच कथांत आहेत. पण त्या हसणाऱ्यांपैकी एकाचंही नाव दिलेलं नाही.
चांगली पद्धत आहे.