हात जोडले ते कोणाला

११ फेब्रु., मंगळ.
वकिलीची सनद मिळाल्यावर आज पहिल्यांदा जेलच्या भेटीच्या खोलीत. माझ्या सीनियर सुनंदा मॅडमसोबत.
देवराव. हिंगण्याच्या एका कंपनीत कामाला होता. चोरी आणि चौकीदाराला मारहाण, सात वर्षांची शिक्षा. अख्खा खटला त्याने जेलमधल्या व्हिडिओच्या पडद्यावर पाहिला. पाहिला फक्त, आवाज यायचा नाही. सांगायला हात वर केला की शिपाई म्हणायचा, "चूप बस, लाइन कटते." सरकारने दिलेला वकील तिकडे कोर्टात. दोघांची भेट कधी झालीच नाही.
मॅडमनी "काय ऐकलं?" असं विचारलंच नाही. विचारलं, "काय दिसलं?"
"गणपत दिसला. शिफ्टमधला दोस्त माहा. रडका चेहरा करून बोलून राहिला होता. मले वाटलं, माह्या बाजूनं बोलते. म्हणून मी त्याले हात जोडले."
गणपतची साक्ष त्याच्या विरुद्ध होती. शिक्षा त्या साक्षीवरच झाली.
माझं पेन थांबलं. मॅडम लिहीत होत्या.

१३ फेब्रु.
मानवी हक्क आयोगाकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा माझ्याकडे. "अमानुष", "लोकशाहीला काळिमा", सगळं घातलं. मॅडमनी सगळं खोडलं. उरलं ते: साक्षी सुरू असताना आरोपीला आवाज येत नव्हता, वकिलाशी बोलता आलं नाही.
"एवढंच?"
"एवढं त्यांनी मानलं तर अजून काय पाहिजे गं तुला?"
राग आला होता. घरी पोचेपर्यंत गेला. असं कोरडं आणि पक्कं लिहिता येईल का कधी मला?
बाबा जरीपटका भागातल्या कापड दुकानातून आले. "काय वकिलीणबाई, जेलात जाऊन आली, आता जेवाले तरी कोणाची ऑर्डर लागते काय?" शेजारी सगळ्यांना सांगून झालंय त्यांचं. घरातली पहिली ग्रॅज्युएट, त्यात वकील. मला लाज वाटते, आणि बरंही.

१८ फेब्रु.
निर्मला, देवरावची बायको, सावनेरहून आली. "आयोग सोडन काय त्याहीले?"
मी "नक्की" म्हणणारच होते. मॅडम आधी बोलल्या, "नाही. शिक्षा रद्द करणं त्यांच्या हाती नाही. पण आवाज बंद होता एवढं आयोगाने मान्य केलं, तर हायकोर्टातल्या अपिलाला जोर येईल. तेवढ्यासाठी जायचं."
निर्मला म्हणाली, "पहिल्या वकिलानं सांगितलं होतं, दिवाळीले घरी येते म्हणून. कोणत्या दिवाळीले, ते नाही सांगितलं." आणि चक्क हसली. मॅडमही.
या दोघींकडे पाहतच राहिले.

२४ मार्च, सोम.
आयोगापुढे सुनावणी. देवराव पुन्हा पडद्यावर, तिकडे जेलमध्ये.
जेलचे अधिकारी उभे राहिले. "आवाज नेहमी चालू असतो. आरोपीने कधी तक्रार केलेली नाही. हे सगळं नंतर सुचलेलं आहे."
पडद्यावर देवरावने त्यांना हात जोडले.
मी उठणारच. मॅडमनी माझं मनगट दाबून धरलं. पडद्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही त्यांनी. आयोगाच्या सदस्यांना स्वतःलाच दिसू दिलं. कुठून येतो एवढा धीर?
सदस्यांनी पाहिलं. चष्मा काढला. "देवराव, हे साहेब आत्ता काय म्हणाले?"
देवराव नुसता पाहत राहिला. मग सदस्यांनाही हात जोडले.
अधिकारी म्हणाले, "नमस्कार तर ऐकणाराही करतो, साहेब."
सदस्यांनी काहीतरी लिहिलं. आदेश राखून ठेवला. कधी येईल, माहीत नाही.
बाहेर निर्मलाने माझा हात धरला. "पोरी, त्याहीले सांगशीन वं? आज कोणाले हात जोडले ते?"
मॅडम गाडी काढत होत्या. म्हणाल्या, "उद्याच्या भेटीला तू एकटी जा."
कसं सांगू त्याला? आधी विचारीन, काय दिसलं. मग…