चार सूत वरची पायरी

…आणि ‘याचा हात वाकडा होताच, आता पायही घराकडे वळेना’, हे तू वहिनीच्या तोंडून फोनवर ऐकवलंस, ते पोचलं. स्वतः दोन शब्द बोलला असतास तर घमेल्यातला सिमेंटचा माल वाळला नसता. असो. दादा, तुला वाकून नमस्कार, वहिनीला त्याहून वाकून. गुडघा कसा आहे? पोरं शाळेत बसतात की आपल्यासारखी भिंतीवरून पळतात? मी बरा आहे. (खोकला आहे, पण सिमेंटात राहून खोकला नाही म्हणणारा माणूस खोटारडा.)

आमच्या इमारतीत सध्या नाच चालू आहे. हसू नकोस. रंग अजून व्हायचाय, लिफ्टच्या जागी नुसतं भोक आहे, आणि एक बाई चार नाचणारे आणि कॅमेरा घेऊन महिनाभर रोज येतात. त्यांना नाचाची फिल्म करायची आहे, पण गाणं नाही, कपडे आपल्यासारखेच मळके. इमारत जे करते ते अंगाने करायचं, एवढंच. त्यातला एक जण तासभर खांबाला टेकून खांब झाला. (खांब निदान त्याची मजुरी मागत नाही.) एक मुलगी खिडकी झाली, तिच्यातून वारा आला की नाही ते मला कळलं नाही. पण बाईंचा खरा जीव जडला तो मधल्या गोल जिन्यावर, आणि जिन्यातही तिसऱ्या मजल्याखालच्या एका पायरीवर. ती पायरी बाकीच्यांपेक्षा चार सूत वर बसली आहे. म्हणजे अर्धा इंच. डोळ्याला दिसत नाही, पायाला लगेच कळतं. तिथे येणारा प्रत्येक जण ठेचकाळतो, सावरतो आणि मागे वळून बघतो, कोणी हाक मारल्यासारखा. बाईंनी सगळा नाच त्या ठेचेवर रचला. म्हणाल्या, हा जिना आखणारा फार मोठा माणूस असणार. तो मोठा माणूस म्हणजे मी, बाजूलाच रिकामी पोती झटकत होतो.

मग तपासणीवाले येणार असं कळलं आणि मुकादमाने माझ्या सात पिढ्या काढून ती पायरी सरळ करायला लावली. (तुझीही पिढी त्यात आली, माफ कर.) फरशी उखडली, माल खरवडला, दोरी बांधून बसवली. अशी बसली की तूही मान डोलावली असतीस. नाचणाऱ्यांना कोणी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी शूटिंग. चौघे वर चढले ते सरळ चढतच गेले, जसे काही हप्ता भरायला निघालेत. बाई पायरीवर बसून राहिल्या. तपासणी पुढे ढकलल्याचं तेव्हाच कळलं, तेव्हा मुकादम म्हणाला, होती तशी कर आणि मोकळा हो.

दादा, जमेना. तीनदा बसवली, तिन्ही वेळा सरळ. जन्मभर ज्याला तू वाकड्या हाताचा म्हणत आलास त्याला मुद्दाम सांगूनही वाकडं करता येईना. तू शिकवलेलं सगळं नेमकं नको तेव्हा आठवत होतं. शेवटी बाईंनी विचारलं, "पहिल्यांदा बसवलीत तेव्हा काय चाललं होतं?"

मी म्हणालो, "आई गेल्याचा फोन आला होता."

तुला मी सांगितलं होतं की गाडी मिळाली नाही. गाडी होती. कालवलेला माल होता, मुकादम म्हणाला एवढा लाव आणि नीघ. तेवढा लावला. मग पुढचा कालवला तो माझा मीच. हात थांबले असते तर निघावं लागलं असतं, आणि आई नसलेलं घर मला बघायचं नव्हतं. वरच्या मजल्यापर्यंत लावत गेलो.

मी दोरी सोडली, लेव्हल बाजूला ठेवली आणि फरशी बसवली. चार सूत वर आली. दोन दिवस वाळू दिली, मग शूटिंग झालं. ती खिडकीवाली मुलगी ठेचकाळली, सावरली, तिने मागे वळून बघितलं, पुन्हा चढली. मला दिव्यासमोर पांढरा कपडा धरून उभं केलं होतं, हात हलवायचे नव्हते, म्हणून डोळे तसेच वाहू दिले. लगेच मुकादमाने ती पायरी पुन्हा सरळ करून घेतली. आता तिथे कोणी अडखळत नाही.

तुझा धाकटा

ता.क. खरं लिहायचं ते राहिलंच. पुढच्या महिन्यात येऊ का? वहिनीकडून नको, तू सांग. शिव्या घाल, पण आत घे.

ता.क. आणखी एक. सुट्टी मागून पाहिली, तर मुकादमाने आठ दिवस लगेच देऊन टाकले. नाही म्हणेल असं धरून चाललो होतो, आता पंचाईत. तिकिटाचे पैसे जवळ राहिले तर तिकीट काढावं लागेल. म्हणून ते तुलाच पाठवतो, पोरांना काहीतरी घे. चार हजार सहाशे.