मागचं चाक तापतं

रविवार, १२ एप्रिल १९५९. पौड.
मोटारसायकल घेतली! सेकंडहँड, पण इंग्लिश. सारजा बाळंतपणाला माहेरी भूगावला गेली, त्याला तीन महिने होत आले. घर नुसतं खायला उठतं. पोरीचं तोंड दोनदाच पाहिलंय. सासरे हैबतराव म्हणाले, मास्तर, भ्या वाटत आसंल तर एस.टी. हाय की. वर हसले. भीती? मी शाळेत सायन्स शिकवतो! चारचौघांत सांगून टाकलं, माझी बायको-पोर माझ्याच गाडीवर घरी येतील.

शनिवार, १८ एप्रिल.
पिरंगुटपर्यंत ट्रायल. तिथे मागच्या चाकाच्या मधल्या डब्याला सहज हात लावला. चटका! पुढचं चाक गार. कारण उघड आहे, ऊन. उद्या पहाटे काढतो.

रविवार, १९ एप्रिल. सकाळी ६.
गार वारं. चाक तसंच. उन्हाची थिअरी मागे घेतली, सायन्समध्ये त्याची लाज नसते. डाव्या पोटरीत गोळा आलाय. वर्गात उभं राहून राहून दुसरं काय होणार?

गुरुवार, २३ एप्रिल.
सायकल दुकानवाल्या बहिरूकडे नेली. त्यानं बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं. म्हणाला, मास्तर, ब्रेक लई वापरता का? मी सांगितलं, ब्रेक मी वापरतच नाही, माझा सगळा कंट्रोल इंजिनवर असतो. त्यानं ग्रीसचा डबा बंद केला. पटलं असावं.

सोमवार, २७ एप्रिल.
ग्रीस वितळून बाहेर आलं. शिवाय आता वास. चिंध्या जळल्यासारखा. पेट्रोल पाण्यासारखं पिते, पळत मात्र नाही. एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला. जाऊ दिला.
चाकाला ओलं गोणपाट गुंडाळून पाहिलं. ते चाकात अडकलं. मी पडलो नाही, जरा लवकर उतरलो इतकंच.
पोटरी अजून दुखते आहे. सुट्टी लागली की थांबेल.

रविवार, ३ मे. भूगाव. दुपार.
आलो एकदाचा. चाक निखारा. सासूबाई म्हणाल्या, नजर लागलीया. मीठ-मिरच्या ओवाळून गाडीची दृष्ट काढली. चुलीत टाकल्या तर कुणाला ठसका नाही, म्हणजे नजर होती हे सिद्ध झालं. सायन्सवाला असूनही हायसं वाटलं.
पोरगी माझ्याकडे बघून हसली. उद्या तिला घेऊन जाणार, म्हणजे जाणारच.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
पोरीला सासूबाईंकडे ठेवून सारजाला घाटापर्यंत फिरवून आणलं. लुगडं असल्यानं ती डाव्या अंगाला पाय सोडून बसली होती. खिंडीत थांबलो. चाकाला हात लावला, बोट भाजलं. खरं लिहायचं तर रडू आलं. काय करावं काही सुचेना.
सारजा म्हणाली, अवो, तुमचा डावा पाय त्या दांडीवर कशापायी हाय? भूगाव सोडल्यापास्नं एकदाबी उचलला न्हाई. चढाला सुदिक न्हाई.
मी म्हणालो, ती पाय ठेवायचीच जागा आहे. ती म्हणाली, मग जीव खाऊन दाबताय का?
ती ब्रेकची दांडी आहे हे मला माहीत होतंच. विषय वाढवला नाही.
परतीच्या उताराला पाय उचलून पाहिला. गाडी सुटली! आई गं! सारजा म्हणते मी ओरडलो. मला आठवत नाही. पाय आपला आपणच परत दांडीवर गेला.
जेवताना ती हळूच म्हणाली, उद्या मी पोरीला घिऊन एस.टी.नं येती. तुमी या सावकाश. हैबतरावांनी ऐकलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

सोमवार, ४ मे. पौड.
पोरीचा पाळणा गाडीला बांधला आणि एकटाच निघालो. ठरवलं होतं, आज ब्रेकवर पाय ठेवायचाच नाही. खिंडीत आलो. खाली उतार बघितला. गाडीवरून उतरलो आणि तिला हाताला धरून चालवायला लागलो. घाट संपला तरी पुन्हा बसावंसं वाटेना.
एस.टी. मागून आली. खिडकीत सारजा. पोरीचा हात धरून तिनं मला टाटा केला. मीही हात हलवला, तेवढ्यात गाडी पाळण्यासकट माझ्या अंगावर कलली. सावरेपर्यंत एस.टी. दिसेनाशी झाली.
घरी पोचलो तेव्हा अंगात त्राण नव्हतं. चूल पेटलेली होती. सारजानं पाळणा सोडून घेतला, मग वाकून मागच्या चाकाला हात लावला. म्हणाली, अवो, गार हाय की!
मी म्हणालो, दुरुस्त झालं.