दोन सेकंदांच्या आत

रविवार, ७ जुलै २०२४

तीन पूर्णांक चार! आठवडाभर कापाकापी करून तीन पूर्णांक चार सेकंद.

गाडीची किल्ली फिरवल्यावर मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दोन सेकंदांच्या आत पडद्यावर आलं पाहिजे, असं गाड्या बनवणाऱ्या जर्मनांनी करारात लिहून दिलंय. बरोबरच आहे. माणूस किल्ली फिरवतो, रिव्हर्स टाकतो आणि निघतो. मागे कोण उभं आहे ते त्याला त्याच घडीला दिसायला नको? आणि आमचं लिनक्स तेव्हा डोळे चोळत बसलेलं — हे तपास, ते तपास, गाण्यांची यादी लाव!

चाचणीच्या सर्किट बोर्डावर आज तेलाचा डाग. कुणीतरी तामियाच्या तळलेल्या वड्यांचं सँडविच त्याला टेकवून ठेवलं होतं. या अख्ख्या मआदी उपनगरात टेबलं कमी आहेत का? शिसारी आली. ओरडले. सँडविच शेजारच्या खुर्चीवरच्या किरोलोसचं निघालं. पस्तिशीचा माणूस, चार वर्षं माझ्याबरोबर काम करतोय, एरवी चकार शब्द नाही. "बोर्डालाही भूक लागते, बाशमुहंदिसा," इंजिनियरबाई म्हणून मान देत एवढंच म्हणाला आणि स्वतःच्या रुमालाने पुसून काढलं. मग मलाच वाईट वाटलं. डागावर चिडले होते की तीन पूर्णांक चारवर?

सोमवार, ८ जुलै

दुपारी दोनला वीज गेली. सगळं सॉफ्टवेअर नव्याने बांधायचा चार तासांचा बिल्ड, तीन तास दहा मिनिटांवर मेला. जनरेटरवर चालतो तो फक्त वग्दीसाहेबांच्या खोलीतला एसी. साहेब थंड राहिले पाहिजेत, मशीन मेली तरी चालेल!

बुधवार, १० जुलै

वग्दीने बोलावलं. पुदिन्याचा चहा मागवला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी नको ते ऐकावं लागणार.

"रबाब, माझे बहिणी, तुझं म्हणणं माझ्या डोक्यावर. पण तीन पूर्णांक चार घेऊन मी जर्मनांपुढे कसा जाऊ?"

मग त्याची युक्ती. गाडी बंद करताना कॅमेऱ्याचं शेवटचं चित्र साठवून ठेवायचं. पुन्हा सुरू केली की आधी तेच दाखवायचं. दीड-दोन सेकंदांत खरं चित्र येतं, ते त्याच्यावर बसवायचं. "कुणाला सांधाही दिसणार नाही!"

"आणि मधल्या वेळात मागे कुणी येऊन उभं राहिलं असेल तर?"

"करारात 'चित्र' लिहिलंय. ताजं की शिळं, ते कुठे लिहिलंय?"

मी म्हणाले, हे खोटं आहे. तर हसला. "खोटं कसं? खरंच आहे, जरा जुनं. घेवड्याच्या दाण्यांचं फूल नाही का रात्रभर शिजत ठेवलेलं असतं? सकाळी चाटूनपुसून खातेसच ना!"

चहा तसाच ठेवून उठले. दाराशी आल्यावर वाटलं, निदान कप तरी उचलायला हवा होता. अशा वेळीही मला हेच सुचतं!

गुरुवार, ११ जुलै

किरोलोसने एका दिवसात ते करून टाकलं. चालतंही आहे.

कॅमेरा टेबलाच्या कडेला, खालच्या फरशीकडे तोंड करून लावलेला. मी त्याच्यासमोर फरशीवर जाऊन मांडी घातली. किरोलोसला म्हटलं, कर सुरू. पडदा उजळला. फरशी — स्वच्छ, रिकामी. मी तिथे बसले होते आणि पडद्यावर मी नव्हते! एक, दीड... मग एकदम मी उगवले, तोंड वासून.

उठून हात धुऊन आले, का कोण जाणे.

पडदा उजळायला किती वेळ लागला ते मोजणारा, पडद्यावर चिकटवायचा तो प्रकाशाचा सेन्सर घेऊन किरोलोस उभा. "आकडा घेऊ?"

"नको. या घाणीचा आकडा माझ्या वहीत नको."

"वग्दींनी सांगितलं म्हणून केलं, बाशमुहंदिसा. मला पण दोन मुलं आहेत."

त्याच्यावर तोंड टाकलं, ते बरोबर नव्हतं. आणि प्रामाणिकपणे विचारायचं तर शिसारी नक्की कशाची? खोटेपणाची, की मला इतक्या दिवसांत जमलं नाही ते त्याने खोटं का होईना, एका दिवसात केलं, याची? दोन्हीची. पहिली जास्त, असं लिहिते. खरं आहे का ते देव जाणे.

शुक्रवार, १२ जुलै

सुट्टी. गाडी काढायला गेले तर गल्लीतल्या गाड्या लावून देणारे दिसूकीकाका नेहमीसारखे थेट गाडीच्या मागे. "ये, ये, अजून ये, डावीकडे मोड, बस!" आणि डिकीवर थाप. सत्तरीचा माणूस, दिवसाला शंभर गाड्यांच्या मागे असाच उभा राहतो. मी म्हटलं, काका, आता गाड्यांना मागे डोळे येताहेत. तर म्हणाले, "येऊ देत की, पोरी. डोळ्याला कळतं का, कुणाची बायको शेजारी बसून ओरडतेय ते? त्याला माणूसच लागतो."

काका गाडीमागे येतात ते गाडीवाला किल्ली फिरवायच्या जरा आधी. कालच्या पडद्यावर ते नसतेच.

रविवार, १४ जुलै

सांगून टाकलं. सुरक्षिततेच्या अहवालावर माझी सही लागते, आणि या चित्राखाली ती होणार नाही.

वग्दीचा आवाज चढला नाही. तेच जास्त किळसवाणं. "गुरुवारी अहवाल जाणार. तोवर तुझं ताजं फूल शिजवून आण. नाही शिजलं तर माझं शिळं जाईल. सही करणारे काय, मेट्रोच्या एका डब्यात वीस सापडतील."

"मग त्यांनाच कॅमेऱ्यापुढे बसवा," मी म्हणाले. हे मात्र बरं सुचलं.

बेत असा. लिनक्स पूर्ण जागं व्हायची वाट बघायचीच नाही. सगळ्यात आधी फक्त कॅमेरा आणि पडदा उठवायचा. बाकीचे — गाणी, नकाशे, फोन — रांगेत मागे. सुरू होताना बोर्ड केबलवरून जी हजार ओळींची बडबड पाठवतं तीही बंद. तिच्यात वेळ जातो. हे सगळं एकाच बिल्डमध्ये, कारण विजेच्या कृपेने दिवसाला एकच होतो.

मंगळवार, १६ जुलै

बिल्ड दोनदा मेला. एकदा वीज, एकदा माझी चूक. वग्दीने काचेतून बघून अंगठा वर केला. तो अंगठा!

गुरुवार, १८ जुलै

एक पूर्णांक नऊ!!

सकाळी सातला बिल्ड पूर्ण झाला. मेमरी कार्डावर उतरवला, कार्ड बोर्डात घातलं. बडबड नकोच होती म्हणून केबलही काढून ठेवली. सेन्सर लावला. किरोलोस म्हणाला, "बिस्मिल्ला म्हणा, मी क्रूसाची खूण करतो. दोन्हीकडून असू दे." वीज दिली.

एक पूर्णांक नऊ. पुन्हा एक पूर्णांक नऊ. तीस वेळा घेतलं, एकदाही दोनच्या वर नाही. कॅमेऱ्यापुढे हात हलवला, पडद्यावर हात हलला. किरोलोस टाळ्या वाजवायला लागला — किरोलोस! कुणीतरी बस्बूसा मिठाईचा ट्रे आणला. बोर्डाच्या शेजारी ठेवला, मी काही बोलले नाही.

पहिल्याच फटक्यात चाललं की एरवी मला भीती वाटते. आज नाही वाटली. आज वाटलं, झालं तर झालं, बाई, कधीतरी सुख जसं आलं तसं घे.

वग्दीचा चेहरा बघण्यासारखा होता. "शिजलं म्हणायचं," एवढंच. मी त्याच्यादेखत सही केली. जरा मोठीच केली. अहवाल चार वाजता गेला.

रविवार, २१ जुलै

कसं लिहू?

सकाळी कार्डाची एक नक्कल करायची होती म्हणून ते बाहेर काढलं. फोन आला, बोलता बोलता सवयीने बोर्डाचं बटण दाबलं. बोर्ड सुरू झालं. पडद्यावर फरशी. कार्ड माझ्या हातात होतं.

बोर्ड कशावरून सुरू व्हायचं — कार्डावरून की आतल्या मेमरीवरून — ते ठरवणारे दोन बारीक खटके असतात. आमच्याकडे सगळे कार्डच वापरतात. खटक्यांना कुणी हात लावू नये म्हणून वर कागदी पट्टी चिकटवलेली. किरोलोसने ती युक्ती आतल्या मेमरीत घातली होती, त्यासाठी पट्टी उचलून खटके फिरवले. मग पट्टी पुन्हा नीट चिकटवली. नीटनेटका माणूस. त्याला वाटलं, मी खटके बघीनच. मला वाटलं, पट्टी जागेवर आहे.

म्हणजे गुरुवारी बोर्डाने माझं कार्ड वाचलंच नाही. तीस वेळा मोजलं ते शिळं चित्र! हात हलला तो नंतर, खरं चित्र आल्यावर. केबल लावलेली असती तर पहिल्याच ओळीत आवृत्तीचं नाव दिसलं असतं. आणि तो घाणेरडा आकडा त्या दिवशी वहीत घेतला असता, तर एक पूर्णांक नऊ बघून तिथल्या तिथे ओळखलं असतं. मी घेऊ दिला नाही. मला शिसारी आली होती ना!

खटके फिरवून माझं कार्ड लावलं. दोन पूर्णांक सात.

किरोलोस पांढराफटक. "चूक माझी, बाशमुहंदिसा. तुम्ही सांगाल तसं." त्याला म्हटलं, सही तुझी नाही. उद्या सकाळी पहिलं काम — जर्मनांना खरं ते कळवायचं. दोन पूर्णांक सात, आणि का.

सोमवार, २२ जुलै

पत्र लिहायला बसतच होते, त्यांचंच आलं. एक पूर्णांक नऊवर फार खूश आहेत. हेच गाडीत घालायचं ठरलंय. वग्दीने सगळ्यांना उभं करून मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "मी चुकलो होतो. रबाब बरोबर होती." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किरोलोसने नाही. तो माझ्याकडे बघत होता.

मी आभार मानले. पत्र अजून लिहिलेलं नाही.