गव्हावर दळलेली ज्वारी

प्रिय निकिता,

पत्र पाहून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या नवऱ्याचा, प्रज्वलचा, खोकला गेला, तुझ्या मोगऱ्याला मी न चुकता पाणी घालते. फोन हाताशी असताना सासूला पत्र लिहायची काय अवदसा आठवली, असं तुला वाटेल. पण फोनवर मी काही बोलायला गेले की तू लगेच ‘असू द्या आई’ म्हणतेस, आणि मग मीही असू देते. आज मला असू द्यायचं नाही. रविवारी तू माहेराहून, किन्हीराजाहून, परत येणार. या घरात तू पहिला घास तोंडात घालण्याआधी माझं सगळं सांगून झालेलं असलं पाहिजे.

आधी तुझ्या सुपाच्या पाकिटांचं सांगते. घंटागाडीत टाकली म्हणाले होते ना? खोटं बोलले. तुरीच्या डाळीच्या डब्यामागे लपवून ठेवली होती. विकत आणलेली वस्तू फेकायला माझा हात धजत नाही. सात होती. गेल्या आठवड्यात रोज संध्याकाळी एक, अशी सातही मी करून प्यायले. पहिल्या दिवशी मक्याचं. पावडर थेट उकळत्या पाण्यात टाकली आणि गुठळ्याच गुठळ्या. मग चष्मा लावून पाकिटामागचं वाचलं, तर आधी गार पाण्यात कालवा म्हणून लिहिलेलं. टमाट्याचं तर विचारूच नकोस. ना जिरं, ना मिरची, वर गूळ घातल्यासारखं गोड. लाल भोपळ्याचं इतकं मिळमिळीत की बाळंतिणीलाही कोणी तसं देणार नाही. एक मूगडाळ-पालकाचं तेवढं जमलं, मी वरून लसणाची फोडणी दिली तर प्रज्वलनं दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. पण तिसऱ्या दिवसापासून मला तासाभरात भूक लागायची आणि मी मुकाट्यानं भाकरी काढून खायची. तू यावर सहा महिने काढलेस. दिवसभर पतसंस्थेत मान मोडायची, सातला घरी यायचं आणि पाच मिनिटांत एक वाटी करून भाताबरोबर खायची, माझ्या ओट्यावर तुझी अडचण नको म्हणून.

पाकिटामागे आणखी एक ओळ होती. हे ज्या कारखान्यात तयार होतं तिथे गहू आत येत नाही, अशी. मंगळवारनंतर ती ओळ मी दोन-तीनदा वाचली. का, ते पुढे सांगते.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तुला गहू, मैदा, रवा जन्मभर बंद सांगितला, त्या दिवशी मी खरंच रडले होते गं. मग मनाशी म्हटलं, यात काय अवघड आहे? आपण ज्वारी खाणारी माणसं. पोळी नाही तर भाकरी. आणि तू ती पाकिटं मागवायला लागलीस. साध्या सुपात मैदा असतो, म्हणून ही वेगळी, महागाची. मला ते लागलं. माझ्या चुलीवर तुझा भरवसा नाही असंच वाटलं. त्यात शेजारच्या रुपाबाईंनी भर चौकात विचारलं, “घरात पीठ नाही का वो? सूनबाई पाकिटं काहून खाऊन राह्यली?” झालं. कस्तुरावन्सं आल्या होत्या तेव्हा तुझं थोडंसं पोट दुखलं, तर त्यांच्यादेखत मी तुला म्हटलं, “त्या पाकिटाईनंच तुह्यं पोट बिघडून राह्यलं. सोड ते थेरं, माह्या हातची भाकर खा.” दुसऱ्या दिवसापासून पाकिटं बंद. मी सगळीकडे मिरवलं, की सुनेला अखेर घरच्या अन्नाची किंमत कळली.

त्यानंतरचा महिना तुला सांगायला नको. तुझे गाल बसले, केस गळायला लागले, दोन घास खाऊन तू उठायचीस. शेवटी कामावरच चक्कर येऊन पडलीस आणि वाशिमला सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, हिच्या पोटात कुठून तरी गहू जातोय. मी तर छातीठोक सांगितलं, घरात निव्वळ ज्वारी आहे. आणि तू खाली बघून म्हणालीस, “माझ्याच हातून चुकलं असेल, कामावर चहाबरोबर एखादं बिस्किट खाल्लं असेल.” मी मान डोलावली. निकिता, ती डोलावलेली मान मला आता कुठे लपवावी कळत नाही.

तुला माहीत आहे, आपल्याकडच्या बायका गिरणीत किती जागरूक असतात. ज्वारीवर गहू कोणी दळू देत नाही, पोळ्या काळ्या पडतात. पण गव्हावर ज्वारी दळली तर भाकरी मऊ सुटते, थापताना कड चिरत नाही. मी तीस वर्षं हेच धोरण सांभाळलं. पुढच्या बाईच्या डब्यात गहू आहे ना, ते झाकण उघडून बघायचं आणि मगच आपला डबा तिच्यामागे लावायचा. माझ्या भाकरीचं जे कौतुक होतं ना, त्यातलं अर्धं त्या रांगेचं. माझी भाकरी खायला लागण्याआधी तू इंद्रभानच्या गिरणीत जाऊन त्याला सांगून आलीस, की आमची ज्वारी सकाळी गिरणी झाडून पहिल्यांदा दळा. त्यानं ते मला सांगितलं होतं. सांगितलं होतं, निकिता. आणि मी हसून म्हणाले, “तिचं काई ऐकू नको रे, गव्हावरच दळ. तिले काय समजते भाकरीतलं.”

मंगळवारी दळण घेऊन गेले तर इंद्रभाननं झिजलेल्या दगडाला टाकी लावायला गिरणी उघडली होती. आत कडेनं पीठ साचलं होतं. त्यानं ते खरवडून काढलं तर अर्धं घमेलं भरलं. पिवळसर, गव्हाचंच. मी विचारलं, एवढं आतच राहतं? तो म्हणाला, “राह्यते ना काकू. पुढच्याच्या दळणात थोडं थोडं जाते. सूनबाई ह्याच्याचसाठी तं सांगून गेली होती.” मी तशीच दळण घेऊन परत आले. रोज तुझ्या ताटात मीच तो गहू वाढत होते, आग्रह करकरून, अर्धी आणखी घे म्हणून. कारखान्याला जे कळतं ते मला सांगूनही कळलं नव्हतं.

आता हे पत्र का, ते ऐक. मी गप्प बसणार होते. इंद्रभान काही बोलणारा नाही. उद्यापासून ज्वारी गुपचूप वेगळी दळून आणली असती, तू बरी झाली असतीस, आणि पाकिटं सुटली, सासूच्या भाकरीनं सून सुधारली, असं गावानं म्हटलं असतं. दोन दिवस मला तो विचार गोडही वाटला. पण काल प्रज्वलनं तुझा निरोप सांगितला, की आता बाहेरचं काहीच नको, आईंच्या हातची भाकरीच खाईन, तेवढीच एक भरवशाची आहे. मी परातीत पीठ मळत होते. ते गव्हावरच दळलेलं होतं. म्हणून प्रज्वल तुला आणायला निघायच्या आत हे पत्र किन्हीराजाला जाणाऱ्या किशनच्या जीपमधून पाठवते आहे. प्रज्वलला आज जेवताना सांगेन, आणि कस्तुरावन्संना उद्या फोन करून. तू डॉक्टरांना हे दाखव आणि सांग, की बिस्किट तू खाल्लं नव्हतंस. सोबत मूगडाळीच्या सुपाची नवीन पाकिटं आहेत, गार पाण्यात आधी कालवलीस तर गुठळ्या होत नाहीत. घरातलं पीठ मी काढून टाकलं, डबे धुतले, तुझ्यासाठी नवी परात आणि नवा तवा आणला. वीस किलो ज्वारी निवडून फडक्यात बांधून ठेवली आहे. ती दळलेली नाही. कधी दळायची, कुठे दळायची, की दळायचीच नाही, ते तू सांगायचं. रविवारी आलीस तर ताटात वरण-भात असेल. भाकरी मी वाढणार नाही, तू स्वतःहून मागेपर्यंत.

तुझीच,
आई म्हणवून घ्यायला सध्या लाजणारी,
उज्ज्वला