एक दात खाली

४ मार्च

चि. पान्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल दवाखाना बंद करताना हातात पडलं. आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, आणि दोन्ही वेळा पटलं नाही. बाबांची कॅम्पर व्हॅन तू खाली बसवणार म्हणजे काय? ज्या गाडीला त्यांनी साधा हॉर्नसुद्धा नवा लावू दिला नाही, तिची उंची तू कमी करणार, आणि ते मला हवापाण्याच्या बातम्या संपल्यावर शेवटच्या दोन ओळींत कळवणार. धन्य आहेस.

तुला आठवत नसेल, तू मागे गाद्यांवर लोळत असायचास. पुढच्या बाकावर आईबाबांच्या मधे मी असायचे. त्या गाडीला नाक नाही, त्यामुळे काचेपलीकडे लगेच रस्ता. शेजारून जाणाऱ्या मोटारींचे टप दिसायचे आणि आतली माणसं मान वर करून आपल्याकडे बघायची. बाबा माझ्या काखेत हात घालून मला आत टाकायचे आणि माल चढला असं आईला ओरडून सांगायचे. आता दिवसभर मी दातांच्या पेशंटच्या खुर्च्या वरखाली करते, पण तेवढ्या उंचावर पुन्हा कधी बसले नाही.

आईची अडचण मला कळते. खुब्याच्या ऑपरेशननंतर गाडीत चढायची ती पायरी तिला जड जाणारच. त्यावर उपाय म्हणजे एक चांगलं रुंद स्टूल घे, रबरी पायांचं. तू रबरी शिक्के करणारा माणूस. शिक्का बिघडला तर दुसरा करता येतो, ही गाडी बिघडली तर कुठून आणणार आहेस?

आई गोळ्या घेते ना, ते कळव. राग शाई वाळेपर्यंतच आहे, माया मात्र जुनीच.

तुझी
ताई

१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर आपण भांडतो म्हणून बाबांनी आपल्याला पत्रांची सवय लावली. आता पत्रातही भांडता येतं हे त्यांना कळवायची सोय नाही.

स्टुलाचं म्हणशील तर ते आणून झालं. रुंद, रबरी पायांचं, तू लिहिलंस अगदी तसं. आईने त्यावर एक पाय ठेवला, दाराची कडी धरली, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि उतरून कुंड्यांना पाणी घालायला गेली. दुसऱ्या दिवशी मी उचलून बसवतो म्हणालो, तर तिने मला सुनावलं की ती कपाट नाही. तेव्हापासून सकाळचा चहा ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी घेते आणि अंगणातल्या गाडीकडे बघत बसते. या उन्हाळ्यात पूर्वीसारखं तळ्यावर मुक्कामाला जायचं का, असं मी विचारलं होतं. स्वतःच्या पायाने चढता आलं तर येईन, नाहीतर तू एकटा जा, असं तिचं उत्तर आहे. तिचा हट्ट तुला माहीत आहे, तुझ्यात तोच आलाय.

काम काय आहे ते ऐक. या गाडीला गुंडाळीच्या स्प्रिंगा नाहीत. मागच्या बाजूला पोलादी सळया आडव्या बसवल्यात. चाक खड्ड्यात गेलं की सळई पिळली जाते आणि पुन्हा सुटते, एवढंच. सळयांच्या टोकांना बारीक दात असतात. सळई काढायची, एक दात फिरवून परत बसवायची, की गाडी तेवढी खाली बसते. उद्या वाटलं तर परत तो दात मागे घ्यायचा. तुम्ही लोक उपटलेला दात परत लावता का? पुढचं काम थोडं किचकट आहे, ते माझा गॅरेजवाला मित्र करून देणार आहे. पुढचं दार नेमकं चाकावर आहे, म्हणून ती पायरी उंच. चार बोटं कमी झाली तरी आईचा पाय पोचेल.

आणि गाडी होती तशीच राहावी असं तुला वाटतं, ते बरोबर आहे. फक्त बाबा गेल्यापासून तू ती बघायला किती वेळा आलीस, ते मी लिहीत नाही.

आईच्या गोळ्या चालू आहेत. धाकट्याने जास्त बोलू नये हे मान्य, लोभ मात्र धाकट्यावरच जास्त करावा.

तुझा
पान्या

२१ मार्च

चि. पान्यास,
अ. उ. आ.

टोमणा पोचला, आणि लागला. इथे मदतनीस बाई रजेवर आहेत, दोन मुलांच्या दातांना तारा लावायच्या आहेत, अशी कारणं मी गेल्या वेळीही लिहिली होती. तू ती खरी मानलीस असं मला वाटत होतं.

खरं सांगू का, अंगणाच्या फाटकातून आत आलं की आधी गाडी दिसते आणि गाडीखालून बाहेर आलेले बाबांचे पाय दिसतात, असंच माझ्या डोक्यात बसलंय. पाय नसलेली गाडी मला बघायची नाही. इथे बसून तुला हे करू नकोस, ते करू नकोस म्हणणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, ते मला कळतं.

तेव्हा कर तुझं काम. जे काढशील ते कापडात बांधून नीट ठेव. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नकोस, बाबा लाकडी ठोकळे लावायचे. आईला बघायला बोलावू नकोस, तिला धसका बसेल.

लहान तोंडी घास मोठा घेतलास, तो पचला आहे. असंच प्रेम ठेव.

तुझी
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसणार नसशील तरच पुढे वाच.

ठोकळे लावले, चाकं काढली, सळया निघाल्या. एका सळईने मात्र मला रडवलं. तेल पाजलं, हातोडी दाखवली, शेवटी गयावया केल्यावर सुटली. डाव्या बाजूला एक दात फिरवला आणि उजवीकडे गेलो. आता दोन्ही बाजू एकमेकींच्या उलट असतात, म्हणजे डावीकडे जसं फिरवलं त्याच्या विरुद्ध उजवीकडे फिरवायचं. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण इतकी वर्षं शिक्क्यांची अक्षरं उलटी कोरून माझा हात असा तयार झालाय की डोक्याने एकदा उलटं केलं आणि हाताने न विचारता पुन्हा उलटं केलं. संध्याकाळी चाकं लावून गाडी जमिनीवर टेकवली, तर डावा कुल्ला खाली आणि उजवा वर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी डोक्याला हात लावून बसलो होतो, एवढ्यात खिडकी उघडली. आईने बराच वेळ गाडी न्याहाळली आणि म्हणाली की ही तर माझ्याचसारखी लंगडते. मग ती हसायला लागली. ताई, बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. काठी टेकत अंगणात आली, गाडीभोवती फिरली, आणि दुरुस्त करायची घाई करू नको, दोन दिवस राहू दे म्हणाली. मी राहू दिली. शेजारी विचारायला आले, त्यांनाही तिनेच उत्तरं दिली.

आता उजवी बाजू सुधारलीय. पुढचंही काम होत आलं. अडचण एवढीच की किती खाली न्यायची ते ठरत नाही. मित्र म्हणतो, अजून बसव, फार ऐटबाज दिसते. पण जास्त बसली तर वळताना टायर पत्र्याला घासतील, आणि तळ्याचा रस्ता तुला माहीत आहे. कमी बसवली तर आईचा पाय पोचणार नाही. आईला विचारलं तर तुझ्या ताईला विचार म्हणते. पुढे बसायचा मान तुझाच होता म्हणून असेल.

तेव्हा मोठेपण घे आणि सांग. लोभाची उंची आहे तिथेच ठेवावी, ती खाली आणू नये.

तुझा
पान्या

१० एप्रिल

चि. पान्यास,
अ. उ. आ.

हसले. पेशंट तोंड उघडून बसले होते आणि मी तुझ्या उजव्या कुल्ल्याला हसत होते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी जुन्या फोटोंचा डबा काढला. वाटलं होतं, गाडी मूळची किती उंच होती ते त्यात सापडेल आणि मी तुला म्हणेन, बघ. सोबतचा फोटो पाहा. तळ्यावर निघताना शेजाऱ्यांनी काढलेला. बाबा चालवायला बसलेत, आईचा हात खिडकीबाहेर आहे, मधे माझे नुसते डोळे दिसतात, आणि बाजूच्या मागच्या काचेला तू नाक चिकटवलंयस. टपावर तंबू, मागे पाण्याची पिंपं, गाद्या, स्टोव्ह, बाबांची सगळी हत्यारं. आता मागचं चाक बघ. अर्धं चाक पत्र्याखाली गेलंय. गाडी जवळजवळ रस्त्याला टेकलीय.

मला उंच आठवत होती ती गाडी उंच नव्हतीच, पान्या. मी लहान होते. आपण चौघं आणि आपला संसार आत असला की ती एवढीच खाली बसायची. आता रिकामी उभी आहे म्हणून वर आलीय. हे कळलं आणि मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. बाबा गेल्यावर जे रडायचं राहिलं होतं, तेही त्यातच झालं.

तेव्हा या फोटोतल्याइतकी खाली कर. त्याहून खाली नको, वर नको. तळ्याचा रस्ता आपण अशाच गाडीने पार करत होतो, टायर घासल्याचं मला आठवत नाही. चढवताना आईला हात देऊ नकोस, पण हात जवळ ठेव.

आता मी काही म्हणणार नाही. मी नाही म्हटलं तरी तू करतोसच, म्हटल्यावर प्रेमही तसंच न सांगता करत राहा.

तुझी
ताई

२८ एप्रिल

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या दोघांच्या पत्रांत माझं बरंच येणं-जाणं झालेलं दिसतं. आता मीच लिहिते. अक्षर वाकडं आहे ते समजून घे.

तू पाठवलेला फोटो तुझ्या भावाने गाडीच्या काचेला चिकटवला आणि त्यात बघत बघत काम केलं. रविवारी सकाळी गाडी तयार आहे म्हणून मला बोलवायला आला. कपाळाला काळं लागलेलं, आणि चेहरा शाळेतून चित्र दाखवायला आणायचा तसा. मी बाहेर आले. त्याने दार उघडलं आणि तू सांगितल्याप्रमाणे हात मागे घेतला, पण फार लांब नाही.

तुला एक सांगते, त्याला सांगितलेलं नाही. पाय पोचत नव्हता हे खरं. पण त्या दिवशी स्टुलावर उभी राहिले तेव्हा जोर केला असता तर चढलेही असते. तिथून मला आत दिसलं, ती चालवायची रिकामी जागा दिसली, आणि मी उतरले. खुब्याचं निमित्त चांगलं होतं. सगळे मान्य करत होते. पोरगं महिनाभर पाठीवर झोपून माझ्यासाठी गाडी खाली आणत होतं आणि मला मनातून वाटायचं की नाही आली तर बरं. आली. मग माझ्याकडे निमित्त उरलं नाही.

कडी धरली, पाय टाकला आणि चढले. कुणी उचललं नाही. बाकावर बसले आणि रडले, मनसोक्त. तो बिचारा बाहेर उभा राहून दुखलं का, दुखलं का विचारत होता. मग त्याला म्हटलं की चालवायला बस, ती जागा रिकामी ठेवतोस कशाला. तो बसला. तुझ्या वडिलांसारखाच आरसा आधी पुसतो आणि मग किल्ली फिरवतो, हे मला माहीत नव्हतं. आम्ही कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो. खड्डे जाणवतात आता, पण मला चालेल.

काम त्याने नेटकं केलंय. मात्र काल मी फोटो काचेवरून काढून घेतला, अंगणात खुर्ची टाकून बसले आणि चाकाशी ताडून बघितला. अजून बोटभर वर आहे. तो म्हणतो शक्य नाही, फोटोप्रमाणेच दात मोजून बसवलंय, आम्ही दोघं बसलो की बरोबर तेवढीच होते. मी म्हटलं, पुढे मधे कोणी नाही.

ते बोटभर काही त्याच्या हातातल्या पान्याने होणार नाही. शाळांना सुट्टी लागली की आम्ही तळ्यावर निघणार आहोत. तुझे पेशंट तेवढे दिवस तोंड मिटून ठेवतील. ये.

माया आहे ती आहेच, ती काही पत्राने कमीजास्त होत नाही.

तुझी
आई