चौदा जणांचा बोगदा

१४ मार्च २०२२
आले एकदाची! कार्ल्सरूहेहून ट्रेनने तासभर, मग बस, आणि हे जर्मनीतलं छोटंसं गाव. बेकरीच्या वरची खोली मिळाली आहे, रोज पावाच्या वासाने जाग येणार. सात महिने अर्ज केल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी. सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे तोवर कधीही काढू शकतात, आणि व्हिसा याच नोकरीवर. पण आज त्याचा विचार नाही.

साइटवर धम्मपालदादा भेटले. अकोल्याचे, ड्रिलिंगचं काम बघतात. परक्या गावात कुणी "जय भीम, क्रांती, जेवलीस का?" म्हणालं की किती बरं वाटतं. डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. काम सोपं आहे. टेकडीखाली १९४४ सालचा बोगदा आहे, तोंड ढासळून बंद झालेलं. वर घरं बांधायची आहेत, म्हणून वरून भोक पाडून आतली पोकळी काँक्रीटने भरायची. आत काहीही नाही, अशी जुन्या कागदांत नोंद आहे. मी फक्त तपासून 'आत रिकामं आहे' अशी सही करायची.

१७ मार्च
फाटकाशी रोज एक म्हातारा वॉकर धरून उभा असतो. तुल्लिओ. अठ्ठ्याण्णव वर्षांचा. आज त्याला खुर्ची दिली, तर बोलायला लागला. जर्मन सावकाश बोलतो, सगळं कळलं. तो इटालियन सैनिक. एकोणिसाव्या वर्षी जर्मनांनी पकडून इथे खणायला आणलं. बारा तास खणायचं आणि वाडगाभर सलगमाचं पाणी प्यायचं. मुकादम फावड्याच्या कडेने मारायचा. बटाट्याची सालं उचलली म्हणून एकाचा जबडा फोडला. तो माणूस तसाच संध्याकाळपर्यंत गाडी ढकलत राहिला.

शेवटी शेवटी दोस्त राष्ट्रांचं सैन्य जवळ आलं, तेव्हा मुकादमाने सुरुंग लावून बोगद्याचं तोंड उडवलं. आत चौदा जण होते. तुल्लिओ दगडांची गाडी घेऊन तेवढ्यात बाहेर आला होता. मानेला बंदूक लावून त्याच्याकडूनच त्या बुजलेल्या तोंडावर माती टाकून घेतली. आतून ठोकल्याचा आवाज येत होता. तीन दिवस.

युद्धानंतर तो घरी गेला, आईला भेटला आणि परत आला. गवंडीकाम केलं, इथलीच बायको केली. दर वर्षी बोगदा उघडा म्हणून कचेरीत अर्ज. उत्तर एकच, पुरावा नाही. ज्या गावाने हे केलं तिथे कसे राहिलात, असं मी विचारलं. म्हणाला, "ते अजून आत आहेत. मी कुठे जाऊ?"

२१ मार्च
बॉसना, रॉइटरना, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, हे बघा, कागदावर आत कोणी नाही. हाडं निघाली तर काम वर्षभर अडकेल. तुमची प्रोबेत्साइट चालू आहे ना? आवाजही चढवला नाही.

मी सही केली.

धम्मपालदादांनी आज डबा एकट्यानेच खाल्ला.

२४ मार्च
भर दुपारी ड्रिल पोकळीत उतरलं. भोकातून कोमट, आंबूस हवा वर आली. कॅमेरा खाली सोडला. लाकडी खांबांवर नखांचे ओरखडे. भिंतीशी बूट, ओळीने लावलेले. चौदा जोड. मग ठोकण्याचा आवाज. दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही ऐकू आला होता.

रॉइटरना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पुसून टाकला.

२५ मार्च
दादा ड्रिलची सळई वर घेत होते. खालून कोणीतरी ओढली. दोनदा. तिसऱ्यांदा ती उलटी फिरली आणि त्यांचा हात कोपरातून — हाड बाहेर आलं होतं. माझ्या तोंडावर त्यांचं रक्त. सळईच्या टोकाला केस गुंतले होते. ओले.

स्ट्रेचरवरून एकच सांगत होते, सही मागे घे, क्रांती.

रॉइटर म्हणाले, अपघात आहे. सोमवारी काँक्रीट.

२८ मार्च, सकाळी साडेनऊ
सही मागे घेते म्हटलं. रॉइटरनी मला बाजूला ढकललं आणि पंप स्वतः सुरू केला. दहा मिनिटांत नळी फुगली. काँक्रीट उलटं येऊ लागलं — लाल. नळी सुटली, त्यांच्या छातीवर एकच फटका — बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते उठले नाहीत. पंपवाले पळाले. मी कंटेनरमधल्या ऑफिसात आहे. पोलीस वीस मिनिटांत येतो म्हणाले.

नऊ चाळीस
बोगद्याचं तोंड आतून फुटलं. माणूस एकही दिसत नाही. फक्त फावडी — हवेत —

तुल्लिओ वॉकर सोडून त्यांच्याकडे चाललाय.

नऊ पंचेचाळीस
तुल्लिओ त्या चौदा जणांचं एकेक नाव घेतोय. नाव घेतलं की त्याला फावड्याचा फटका. खांदा. गुडघा. तोंड. पडतो, परत उठतो. मी खिडकीतून ओरडले, अहो, त्याने मनाने नाही केलं! मराठीतच ओरडले —

अकरावं नाव. अजून उभा आहे.

त्याच्या मानेवर बंदूक होती. माझ्या मानेवर काय होतं?

बारावं —

नाही बघवत. मी जाते. त्यांना सांगते, म्हाताऱ्याला सोडा, या वेळची माती मी टाकली, मी —